कंट्रोल-सी दाबल्यावर मरायचं कोणी? सी भाषेतल्या शेलमधल्या चुका आणि इंटरप्ट

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला कधी ना कधी ‘स्वतःचा शेल लिहा’ (शेल म्हणजे टाइप केलेली कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) हे काम येतंच. फोर्क (प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, नक्कल काढणं; मूळ ती पॅरेंट, नक्कल तो चाइल्ड), एक्झेक (नकलेत दुसरा प्रोग्राम भरणं) आणि वेट (तो संपायची वाट पाहणं) जुळले, एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) चालायला लागलं, की काम संपल्यासारखं वाटतं. मग एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात. एक मुद्दाम चुकीची कमांड देतात, मग एक्झिट टाइप करतात, आणि शेल काही बंद होत नाही. पुढच्या मशीनवर स्लीप (ठरलेले सेकंद नुसती थांबणारी कमांड) चालू असताना कंट्रोल-सी दाबतात, तर स्लीपसकट अख्खा शेल गायब. “सर, शेलच बाहेर पडतंय की वो!” हे वाक्य प्रत्येक सेमिस्टरला ऐकू येतं.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. कोड लिहिताना कोणी मरायचं आणि कोणी जगायचं हे ठरवलेलंच नसतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आडवा धागा तुटला की तेवढा एक माग आपोआप थांबतो. कामगार धागा जोडून देतो, बाकीचे माग खडखडत राहतात. शेलचा व्यवहारही असाच हवा. म्हणून या लेखातल्या शेलचं नाव ‘माग’.

तुमच्याकडे वाचा-फोडा-चालवा एवढं चक्र आधीच आहे असं धरतो, म्हणजे गेटलाइनने ओळ घेणं, शब्द वेगळे करणं, फोर्क, एक्झेकव्हीपी, वेटपीआयडी. मशीन लिनक्सचं, कंपायलर जीसीसी. फंक्शनची नावं इथे उच्चाराने लिहिली आहेत, अचूक रूप मॅन पेजमध्ये पाहा. कंपाइल करताना भाषेचं स्टँडर्ड सी११ दिलंत तर सिगॲक्शनचं, म्हणजे सिग्नल (प्रोसेसला मध्येच येणारी सूचना) आल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या फंक्शनचं, डिक्लेरेशनच दिसेनासं होतं. जीएनयू११ द्या, नाहीतर फाइलच्या अगदी वरती पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं स्टँडर्ड) फीचर मॅक्रो टाका. डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे दोन्ही पर्याय चालू ठेवा.

पायरी १ : कोणत्या चुकीला काय शिक्षा

कोडला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात वापरणाऱ्याची चूक. कमांडचं स्पेलिंग चुकलं, नसलेल्या डिरेक्टरीत सीडी केलं, अवतरणचिन्ह उघडलं आणि बंद केलं नाही, वाचायला दिलेली फाइलच नाही. यावर एक ओळीचा संदेश, स्टेटस (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा, यशस्वी म्हणजे शून्य) नोंदवायचं आणि पुन्हा प्रॉम्प्ट. शेल मरायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्यात सिस्टिमची अडचण. फोर्कला नवी प्रोसेस मिळाली नाही, पाइपला (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी नळी) डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) मिळाला नाही. इथे ती एक कमांड सोडून द्यायची. तिच्यासाठी जे उघडलं ते बंद करायचं, ज्या प्रोसेस सुरू झाल्या त्या आवरायच्या आणि परत प्रॉम्प्टवर यायचं. या रकान्यात बहुतेकांच्या कोडमध्ये एक्झिट लिहिलेलं सापडतं. पुस्तकातला नमुना छोट्या प्रोग्रामसाठी असतो, तिथे ‘पीएरर करा आणि बाहेर पडा’ (पीएरर म्हणजे चुकीचं कारण छापणारं फंक्शन) चालतं. शेलमध्ये तेच उचललं, की मशीनवर थोडा ताण आला तरी वापरणाऱ्याचं सगळं सेशन जातं.

तिसरा रकाना लहान आहे. इनपुट संपलं, टर्मिनल गेलं, किंवा शेलच्या स्वतःच्या बफरसाठी (मजकूर तात्पुरता साठवायची जागा) मेमरी मिळाली नाही. तेव्हाच शेलने बाहेर पडावं, तेही शेवटच्या कमांडचं किंवा चुकीचं स्टेटस मागे ठेवून.

पायरी २ : एर्नो लगेच उचला

एर्नो, म्हणजे शेवटच्या चुकीचा आकडा ठेवणारा व्हेरिएबल, फक्त कॉल फसल्यावर पाहायचा. कॉल यशस्वी झाला म्हणून एर्नो शून्य होत नाही, आधीच्या कुठल्यातरी चुकीचा आकडा तिथे तसाच पडून असू शकतो. म्हणून ‘एर्नो शून्य नाही म्हणजे चूक झाली’ ही तपासणी बाद. आधी रिटर्न व्हॅल्यू, मग एर्नो.

दुसरा नियम उचलण्याचा. ओपन फसलं, तुम्ही साफसफाई म्हणून दुसरा डिस्क्रिप्टर बंद केलात आणि मग पीएरर बोलावलं, तर छापलं जाणारं कारण ओपनचं असेलच असं नाही. फसलेल्या कॉलच्या पुढच्याच ओळीत एर्नो एका स्थानिक इंटिजरमध्ये ठेवा, संदेश त्यावरून स्ट्रएररने बनवा.

नुसतं पीएरर वापरलं तर संदेश अर्धवट राहतो. ‘सीडी: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ यावरून कोणती डिरेक्टरी ते कळत नाही. संदेशात चार गोष्टी क्रमाने द्या: शेलचं नाव, कमांड, ज्यावर अडलं तो शब्द, आणि कारण. ‘माग: सीडी: गड्डा: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. हा साचा एका छोट्या फंक्शनमध्ये बांधा आणि सगळीकडे तेच बोलवा.

संदेश स्टँडर्ड एररवरच जायला हवा. कोणी कमांडचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं आणि तुमची तक्रारही त्या फाइलमध्ये गेली, तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि फाइलही नासते.

पायरी ३ : फोर्कनंतरच्या तीन वाटा

फोर्क उणे १ देतो तेव्हा चाइल्ड जन्मलेलाच नसतो, आपण पॅरेंटमध्येच असतो. एर्नो बहुतेक वेळा ई-अगेन असतो, म्हणजे प्रोसेसची मर्यादा गाठली. संदेश द्या आणि प्रॉम्प्टवर या. ही वाट विसरलेल्या कोडमध्ये उणे १ हा आकडा पुढे पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) म्हणून वापरला जातो. वेटपीआयडीला उणे १ दिलं तर त्याचा अर्थ ‘कोणताही चाइल्ड’, म्हणजे भलत्याच प्रोसेसचं स्टेटस हातात येतं. त्याहून वाईट म्हणजे किलला उणे १ दिलं तर ज्यांना सिग्नल पाठवायची तुम्हाला परवानगी आहे अशा जवळजवळ सगळ्या प्रोसेसना तो जातो. डेस्कटॉपसकट सगळं बंद पडतं.

फोर्क शून्य देतो ती चाइल्डची वाट. एक्झेकव्हीपी यशस्वी झाला तर परत येतच नाही. म्हणून त्याच्या खालच्या ओळीवर आलो याचाच अर्थ फसलो, वेगळी ‘इफ’ लावायची गरज नाही. एर्नो ई-नो-एंट असेल तर कमांड सापडली नाही, स्टेटस १२७. सापडली पण चालवता येत नाही, उदाहरणार्थ परवानगी नाही म्हणून ई-ॲक्सेस आला, तर १२६. हे दोन आकडे पॉझिक्समध्येच ठरलेले आहेत, स्वतःचे शोधू नका. प्रॉम्प्टवर ‘शेंगाचटणी’ टाइप करून पाहा. १२७ आला पाहिजे.

संदेश छापून झाल्यावर चाइल्डने मरायचं, आणि तेही अंडरस्कोअरवाल्या एक्झिटने. इथे थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त रात्री इथेच जातात.

चाइल्डने काहीच केलं नाही, तर तो लूपमध्ये परत जाऊन प्रॉम्प्ट छापतो. आता एकाच टर्मिनलवर दोन ‘माग’ आहेत, दिसायला एकसारखे. एक्झिट टाइप केलं की आतला मरतो, बाहेरचा प्रॉम्प्ट दाखवतो. एक्स्टर्नलना ‘शेल बंद होत नाही’ असं दिसतं ते हेच. चुकीच्या कमांड जितक्या दिल्या तितके जास्तीचे एक्झिट.

साधं एक्झिट वापरलं तर हा घोळ मिटतो, पण दुसरा उभा राहतो. साधं एक्झिट जाताना सी लायब्ररीचे बफर रिकामे करतं. फोर्कच्या वेळी पॅरेंटच्या बफरमध्ये न छापलेलं काही पडलेलं असेल, तर त्याची नक्कल चाइल्डकडेही गेलेली असते आणि मजकूर दोनदा उमटतो. टर्मिनलवर हे क्वचित दिसतं, आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ठळक दिसतं. आणि इनपुटची गंमत तर आणखी चक्रावणारी. शेलला टर्मिनलऐवजी फाइलमधून कमांड दिल्यात, म्हणजे शेल सुरू करतानाच इनपुट स्क्रिप्टकडे वळवलंत, तर लायब्ररी एका दमात मोठा तुकडा वाचून ठेवते. चाइल्डमधलं साधं एक्झिट, न वापरलेला तुकडा परत करावा म्हणून फाइलची वाचण्याची जागा मागे सरकवू शकतं. ती जागा दोघांची सामाईक असते. मग पॅरेंट त्याच ओळी पुन्हा वाचतो, पुन्हा फोर्क करतो, आणि पाच ओळींची स्क्रिप्ट कधी संपतच नाही. पोरं ओळी तोडण्याच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात, तिथे काहीच नसतं. अंडरस्कोअर एक्झिट या बफरांना हातच लावत नाही. फोर्कच्या आधी एफफ्लश करायचीही (बफर रिकामा करायचीही) सवय लावा.

रिडायरेक्शन (इनपुट-आउटपुट फाइलकडे वळवणं) चाइल्डमध्ये, एक्झेकच्या आधी. फाइल उघडली नाही तर संदेश देऊन स्टेटस १ ने चाइल्ड संपवा. सीडी, एक्झिट यांसारख्या अंगभूत कमांड मात्र पॅरेंटमध्येच चालायला हव्यात. चाइल्डने डिरेक्टरी बदलली तर ती त्याच्याबरोबरच जाते.

तिसरी वाट पॅरेंटची. तिच्यासाठी वेगळी पायरी.

पायरी ४ : स्टेटस सोलून पाहा

वेटपीआयडीने दिलेला इंटिजर म्हणजे एक्झिट कोड नव्हे. डब्ल्यू-इफ-एक्झिटेड खरं असेल तरच डब्ल्यू-एक्झिट-स्टेटस घ्या. डब्ल्यू-इफ-सिग्नल्ड खरं असेल तर चाइल्ड सिग्नलने मेला, आणि कोणत्या ते डब्ल्यू-टर्म-सिग सांगतो. पॉझिक्स अशा वेळी १२८ पेक्षा मोठं स्टेटस मागतं. बॅशची पद्धत म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक, आपणही तीच घेऊ. कंट्रोल-सीचा सिगइंट २, म्हणून १३०. सिगकिल ९, म्हणून १३७. सेगमेंटेशन फॉल्ट ११, म्हणून १३९. सिगटर्म १५, म्हणून १४३. पुढे नोकरीत कंटेनरच्या लॉगमध्ये १३७ दिसला की कुणीतरी सिगकिल दिला हे डोळे झाकून सांगता येतं.

एक्झिट कोडचे खालचे ८ बिटच पोचतात. प्रोग्रामने २५६ दिला तर शेलला शून्य दिसतं, म्हणजे ‘यशस्वी’.

संदेश किती बोलका ठेवायचा? सिगइंटने मेला तर फक्त नवी ओळ द्या, वापरणाऱ्याने स्वतःच मारलाय. सिगपाइपवर (वाचणारा गेल्यावरही पाइपमध्ये लिहिणाऱ्याला मिळणारा सिग्नल) गप्प राहा, ‘येस’चं आउटपुट ‘हेड’ला दिल्यावर ‘येस’ तसाच मरतो आणि ते बरोबरच आहे. बाकी सिग्नलांना स्ट्रसिग्नलचं वर्णन छापा, कोअर डंप झाला असेल तर तेही.

वेटपीआयडी स्वतःही फसू शकतो. मध्येच सिग्नल आला तर उणे १ आणि ई-इंटर मिळतं. याचा अर्थ चाइल्ड संपला असा नाही, म्हणून ई-इंटर असेपर्यंत पुन्हा बोलावत राहा. ई-चाइल्ड आला तर वाट पाहायला कुणीच उरलेलं नाही. बहुतेकदा दुसऱ्याच जागी कोणीतरी ते स्टेटस उचललेलं असतं, त्याबद्दल पुढे येईल.

पायरी ५ : कंट्रोल-सी नेमकं जातं कुठे

कंट्रोल-सी शेलकडे ‘अक्षर’ म्हणून येत नाही. टर्मिनलचा ड्रायव्हर ते मध्येच ओळखतो आणि त्या टर्मिनलच्या फोरग्राउंड प्रोसेस ग्रुपमधल्या (सध्या टर्मिनल हातात असलेल्या प्रोसेसच्या गटातल्या) सगळ्यांना सिगइंट पाठवतो. तुम्ही ग्रुप वेगळे केले नसतील तर शेल आणि त्याचा चाइल्ड एकाच ग्रुपमध्ये आहेत, दोघांनाही सिग्नल मिळतो, दोघेही मरतात. बस, एवढंच घडत असतं.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: शेलमध्ये सिगइंटला सिग-इग्नोर लावा. शेल वाचतो. पण आता ‘स्लीप १००’ चालवून कंट्रोल-सी दाबा. स्क्रीनवर टोपीच्या खुणेपुढे सी उमटतो आणि काहीही होत नाही. पुन्हा दाबा, पुन्हा सी. स्लीप आपले १०० सेकंद भरूनच उठणार. कारण दुर्लक्ष केलेला सिग्नल एक्झेकच्या पलीकडेही दुर्लक्षितच राहतो. हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं तुमचं फंक्शन) लावलेला असेल तर मात्र एक्झेक तो पुसून डिफॉल्ट करतं, कारण हँडलरचा कोड नव्या प्रोग्रामच्या मेमरीत उरतच नाही. हा फरक पाठ करण्यासारखा आहे: हँडलर पुसला जातो, दुर्लक्ष वारशाने जातं. सिग्नल अडवून ठेवणारा मास्कही वारशाने जातो.

काही जण आणखी पुढे जातात आणि १ ते ३१ सगळ्या सिग्नलना लूप लावून सिग-इग्नोर करतात. सिगकिल आणि सिगस्टॉप यांना असं करताच येत नाही, सिगॲक्शन ई-इनव्हॅल देतो. बाकीच्यांना केलेलं दुर्लक्ष चाइल्डच्या गळ्यात पडतं. सिगचाइल्डला (चाइल्ड संपल्याचा सिग्नल) दुर्लक्षित केलं तर कर्नल मेलेल्या चाइल्डचं स्टेटस ठेवतच नाही, आणि पायरी ४ मधलं सगळं वाया. माग सुरू होतानाच सिगचाइल्ड स्पष्टपणे डिफॉल्टवर ठेवा. तुम्हाला सुरू करणाऱ्या प्रोग्रामने काय वारसा दिला असेल सांगता येत नाही.

दुसरा उपाय: हँडलर लिहून त्यात प्रिंटएफने नवा प्रॉम्प्ट छापायचा. हे दिसायला चालतं, डेमोत पासही होतं. पण सिग्नल कुठल्याही ओळीवर येऊ शकतो. मुख्य कोड स्वतः प्रिंटएफच्या किंवा मॅलोकच्या आत असताना आला, तर लॉक धरलेलं असतं आणि हँडलर त्याच लॉकसाठी थांबून राहतो. शेल गोठतो, तोही वर्षातून एकदा, म्हणून कधी सापडत नाही. हँडलरमध्ये चालणारी फंक्शनं मोजकी आहेत, मॅन पेजच्या सातव्या विभागात सिग्नल-सेफ्टी या नावाखाली यादी आहे. राइट त्यात आहे, प्रिंटएफ आणि मॅलोक नाहीत.

माझ्या मते शेलच्या हँडलरने एकच काम करावं. व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी या प्रकारच्या एका ग्लोबल झेंड्यात १ लिहावा आणि परत यावं. राइट करणार असाल तर आत शिरताना एर्नो जपा आणि निघताना परत ठेवा.

हँडलर लावायला सिगॲक्शनच वापरा. जुन्या सिग्नल फंक्शनचं वागणं सिस्टिमप्रमाणे बदलत आलंय. सिस्टिम व्हीच्या वळणात हँडलर एकदा चालला की डिफॉल्टवर जायचा, बीएसडीच्या वळणात टिकायचा. जीलिबसीमध्ये तर कंपाइल करताना दिलेल्या स्टँडर्डवरूनही फरक पडतो. एका लॅबमध्ये चालणारा कोड दुसऱ्या लॅबमध्ये दुसऱ्या कंट्रोल-सीला मरतो, त्यामागे हेही असू शकतं.

सिगॲक्शनच्या फ्लॅगमध्ये एसए-रीस्टार्ट देऊ नका. तो दिला तर प्रॉम्प्टवर थांबलेला रीड सिग्नलनंतर गुपचूप पुन्हा सुरू होतो. झेंडा वर गेला, पण पाहणार कोण?

पायरी ६ : प्रॉम्प्टवरचं उणे १

गेटलाइन उणे १ देतो त्याची कारणं तीन, आणि तिन्हींना वेगळं उत्तर.

झेंडा वर असेल आणि एर्नो ई-इंटर असेल तर वापरणाऱ्याने प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबलाय. क्लिअरएरर स्टँडर्ड इनपुटवर बोलवा, नाहीतर स्ट्रीमवरची चुकीची खूण तशीच राहते आणि पुढची तपासणी खोटं बोलते. झेंडा खाली करा, नवी ओळ छापा, शेवटचं स्टेटस १३० करा, पुन्हा प्रॉम्प्ट. अर्धवट टाइप केलेली ओळ फेकायची काळजी तुम्ही करू नका. साध्या मोडमध्ये टर्मिनल ड्रायव्हरच ती फेकून देतो.

एफईओएफ खरं असेल तर इनपुट संपलं. कंट्रोल-डी हा सिग्नल नाही. रिकाम्या ओळीवर दाबला की रीड शून्य बाइट देतो, तेवढाच त्याचा अर्थ. नवी ओळ छापून शेवटच्या स्टेटसने बाहेर पडा. इनपुटच्या शेवटी एर्नो बदलत नाही, म्हणून इथे फक्त एर्नोवर विसंबू नका.

बाकी काहीही असेल तर खरी चूक: संदेश आणि बाहेर.

तिन्हींना मिळून ‘कंटिन्यू’ लिहिणारा कोड फार दिसतो. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, राउटर बंद पडतो, सर्व्हरवरचं एसएसएच तुटतं. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरला कळलं की टर्मिनल मिटतं आणि सिगहप येतो, त्यावर मरणं हेच योग्य. पण वरचा ‘सगळं दुर्लक्षित’ लूप लावलेला असेल तर शेल जिवंत राहतो, रीड दर वेळी लगेच शून्य किंवा ई-आयओ देतो आणि ‘कंटिन्यू’ त्याला गरगर फिरवतं. संध्याकाळी परत लॉगिन करून टॉप पाहिलं की तुमच्याच नावावरची एक प्रोसेस सीपीयूचा अख्खा कोअर खात बसलेली असते.

यात एक बारीक फट उरते. झेंडा तपासला आणि रीडमध्ये शिरण्याआधीच सिग्नल आला, तर रीड थांबूनच राहील आणि वापरणाऱ्याला पुन्हा कंट्रोल-सी दाबावा लागेल. ती बुजवायला पीसिलेक्ट किंवा स्वतःलाच जोडलेला पाइप वापरतात. कॉलेजच्या कामात मी त्यात पडणार नाही. शेल रोजच्या वापरात येणार असेल तर मात्र पीसिलेक्ट.

पायरी ७ : टर्मिनल कोणाच्या हातात

आतापर्यंतच्या रचनेत चाइल्डमध्ये सिगइंट डिफॉल्टवर आणून एक्झेक केलं की एकट्या कमांडचं काम भागतं. पाइपलाइन, कंट्रोल-झेड (चालू काम तात्पुरतं थांबवणं) आणि बॅकग्राउंड कामं आली की प्रोसेस ग्रुप लागतातच.

क्रम असा ठेवा.

फोर्कच्या आधी: सिगइंट आणि सिगचाइल्ड सिगप्रॉकमास्कने अडवा, जुना मास्क जपून ठेवा.

चाइल्डमध्ये: सेटपीजीआयडीने ग्रुपमध्ये जा, फोरग्राउंडचं काम असेल तर टीसीसेटपीजीआरपीने टर्मिनल घ्या, मग सिगइंट, सिगक्विट, सिग-टीएसटीपी, सिग-टीटीआयएन, सिग-टीटीओयू आणि सिगचाइल्ड डिफॉल्टवर आणा, मग जुना मास्क परत, मग रिडायरेक्शन, मग एक्झेकव्हीपी.

पॅरेंटमध्ये: तोच सेटपीजीआयडी पुन्हा, पाइपची आपल्याकडची टोकं बंद, मास्क परत, वाट पाहा, आणि शेवटी टर्मिनल शेलच्या ग्रुपकडे परत.

सेटपीजीआयडी दोन्हीकडे का? आधी कोण धावेल हे शेड्यूलर ठरवतो. एकाच बाजूला ठेवलं तर कधीतरी टीसीसेटपीजीआरपी अजून न जन्मलेल्या ग्रुपला टर्मिनल द्यायला जाईल. पॅरेंटच्या कॉलला ई-ॲक्सेस आला तर चाइल्डने एक्झेक आधीच केलंय, त्याने स्वतःचा ग्रुप लावून घेतलाय, ती चूक गिळून टाका.

सिग-टीटीओयू शेलमध्ये दुर्लक्षित हवाच. काम संपल्यावर टर्मिनल परत घेताना शेल स्वतः बॅकग्राउंडमध्ये असतो, आणि बॅकग्राउंडमधून टीसीसेटपीजीआरपी केलं की हाच सिग्नल येऊन त्याला थांबवतो. मग पहिल्याच कमांडनंतर शेल ‘स्टॉप्ड’ होऊन बॅशचा प्रॉम्प्ट दिसतो. वरच्या क्रमात चाइल्डने टर्मिनल घेणं सिग्नल डिफॉल्टवर आणायच्या आधी ठेवलंय, तेही याचसाठी.

हे सगळं स्टँडर्ड इनपुट टर्मिनल असेल तरच करा, आयएसएटीटीवाय विचारून. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) चालवलेल्या शेलला टर्मिनलच नसतं.

पाइपलाइनमध्ये दुसरी प्रोसेस जन्मलीच नाही तर? पहिली आधीच लिहायला लागलेली असते. पाइपची सगळी टोकं बंद करा, तयार झालेल्या ग्रुपला सिगटर्म द्या, जेवढ्या प्रोसेस झाल्या तेवढ्यांची वाट पाहा, मग प्रॉम्प्ट. टोक बंद करायचं राहिलं तर ‘शेल हँग होतोय, कंट्रोल-सीलाच बाहेर येतोय’ अशी तक्रार येते. तिचा इंटरप्टशी काही संबंध नसतो. पॅरेंटकडे लिहायचं टोक उघडं आहे, म्हणून पाइपमधून वाचणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ला (ओळी-शब्द मोजणारी कमांड) इनपुट संपल्याचं कळतच नाही.

अर्धविरामाने जोडलेल्या कमांडचा निर्णयही इथेच होतो. ‘स्लीप १०; इको झालं’ यात स्लीपवर कंट्रोल-सी दाबला तर इको चालू नये. पण हे चाइल्डच्या स्टेटसवरून ठरवा. चाइल्ड खरोखर सिगइंटने मेला असेल तरच उरलेली ओळ सोडा. व्हिम किंवा पायथनचा प्रॉम्प्ट कंट्रोल-सी स्वतः पचवून पुढे चालतो आणि नंतर नीट शून्य देऊन संपतो. त्याला ‘इंटरप्ट झाला’ म्हणणं चूक.

व्हिमसारखा प्रोग्राम अध्येमध्ये मेला तर टर्मिनलची सेटिंग बिघडलेली राहते, टाइप केलेलं दिसत नाही. माग सुरू होताना टीसीगेटॲट्रने सेटिंग जपा, प्रत्येक फोरग्राउंड कामानंतर टीसीसेटॲट्रने परत लावा. दोन ओळींचं काम आहे, पण वापरणाऱ्याला शेल ‘पक्का’ वाटतो तो यामुळे.

पायरी ८ : बॅकग्राउंडची उरलीसुरली

बॅकग्राउंडमधला चाइल्ड संपला आणि कुणी वेट केलं नाही तर पीएसमध्ये तो ‘डिफंक्ट’ दिसतो, म्हणजे झोंबी. सिगचाइल्डच्या हँडलरमध्ये वेट करायचा मोह होतो. दोन सापळे आहेत. एक, हे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत. तीन चाइल्ड एकदम संपले तर सिग्नल एकच मिळू शकतो, म्हणून डब्ल्यू-नोहँग देऊन काही उरेपर्यंत लूप हवा. दोन, उणे १ देऊन बोलावलेला वेटपीआयडी फोरग्राउंडच्या चाइल्डचं स्टेटसही उचलतो, आणि मुख्य कोडला ई-चाइल्ड मिळतो. पायरी ४ मध्ये म्हटलेला चोर हाच.

मी हँडलरच लावत नाही. प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी डब्ल्यू-नोहँगचा लूप फिरवला की पुरतं. झोंबी फार तर पुढच्या एंटरपर्यंत राहतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी ९ : मोडून बघा

एक्स्टर्नलच्या आधी तुम्हीच शेलचा छळ करा. चुकीची कमांड लागोपाठ चार-पाच वेळा द्या, मग एकदाच एक्झिट. बॅशचा प्रॉम्प्ट लगेच दिसला पाहिजे. रिकाम्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी, अर्धी ओळ टाइप करून कंट्रोल-सी, स्लीपवर कंट्रोल-सी, ‘येस’ आणि ‘हेड’ची पाइपलाइन, कॅटवर कंट्रोल-डी. स्वतःलाच सेगमेंटेशन फॉल्ट देणारा दोन ओळींचा सी प्रोग्राम लिहून चालवा आणि १३९ येतोय का पाहा. पाच ओळींची स्क्रिप्ट इनपुट म्हणून द्या, त्यातली एक कमांड मुद्दाम चुकीची ठेवा.

फोर्क फसवायला बॅशमध्ये यूलिमिटने प्रोसेसची मर्यादा कमी करा आणि त्याच बॅशमधून माग सुरू करा. ही मर्यादा त्या युजरच्या सगळ्या प्रोसेस मोजते, म्हणून डेस्कटॉपच्या लॉगिनवर नको, चाचणीसाठी वेगळा युजर काढा. रूटला ही मर्यादा लागत नाही, त्यामुळे सुडो लावून चाचणी केली तर ती ‘पास’ होईल आणि काहीच सिद्ध होणार नाही.

तरीही काही उमगलं नाही तर दुसऱ्या टर्मिनलवरून एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) चालवा, चाइल्डही दिसावेत म्हणून एफ पर्याय देऊन. प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी दाबल्यावर रीडसमोर ‘ई-रीस्टार्ट-सिस’ दिसेल. त्याखाली सिगइंट आल्याची ओळ आणि मग नवा रीड. त्या दोन रीडच्या मध्ये तुमच्या प्रॉम्प्टचा राइट दिसत नसेल, तर सिगॲक्शनच्या फ्लॅगकडे परत जा: एसए-रीस्टार्ट तिथे राहून गेलेला असतो.